कंसातला तारा

१३ जुलै २०२५, रविवार

आजपासून मी पाकीट-चिटणीस. जुने चिटणीस मुलीकडे म्हैसूरला कायमचे राहायला गेले, त्यांची जागा घ्यायला कुणी तयार होईना, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले, तेव्हा मी हात वर केला. तिकीट संग्राहक मंडळात येऊन मला अवघे आठ महिने झालेत, पण काम येणाऱ्या माणसाला वर्षं मोजावी लागत नाहीत.

काम असं. मंडळात आम्ही अकरा जण. प्रत्येक जण आपल्याकडची जादा तिकिटं एका छोट्या वहीत लावतो, खाली कॅटलॉगचा नंबर आणि किंमत लिहितो आणि तिकिटाची अवस्था चिन्हांनी दाखवतो. या वह्या एका पाकिटात घालून चिटणिसाने आधी तपासायच्या, मग ज्यांनी नाव दिलं असेल त्यांच्या घरी पाकीट फिरतं. ज्याला जे आवडेल ते त्याने काढून घ्यायचं आणि रिकाम्या चौकोनात सही करायची. बरोबर एक तपासणी-चिठ्ठी असते. पाकीट हातात आल्यावर काही वावगं दिसलं तर तिच्यावर नोंदवायचं. सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे चांगलं तिकीट काढून त्या जागी आपलं डावं तिकीट ठेवणं. चाळीस वर्षांत ते एकदाही घडलेलं नाही, असं सत्यवतीअक्का म्हणाल्या. अक्का आमच्या अध्यक्ष, वय अठ्ठ्याहत्तर, सगळी नोकरी टपालाच्या सॉर्टिंगमध्ये. सभा त्यांच्याच घरी, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. जे. पी. नगरात आमच्यापासून चार गल्ल्यांवर.

निघताना त्यांनी कॅटलॉग हातात दिला. "पद्माकरा, आधी चिन्हांची पानं वाच. सावकाश वाच. मग तिकिटांना हात लाव."

हो म्हटलं. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात चौतीस वर्षं मी तपासणी खात्यात काढली, ड्रॉइंगवरच्या चिन्हांवर माझं पोट भरलं. मला चिन्हं शिकवायची म्हणजे कमाल आहे.

पाकीट पहिल्यांदा मल्लाप्पाकडे जाणार. हा निपाणीकडचा, आनेकलला एका कारखान्यात मशिन ऑपरेटर. दोन बस बदलून सभेला येतो, कोपऱ्यात बसतो, कोचीन संस्थानाच्या तिकिटांशिवाय दुसरं काही जमवत नाही. माणूस वाईट वाटत नाही. पण ऑपरेटर ही जात मी आयुष्यभर पाहिली आहे. माल पुढे ढकलायचा ही त्यांची ओढ, आणि तो अडवायचा हे आमचं काम.

१६ जुलै, बुधवार

चिन्हांची पानं अर्ध्या तासात संपवली. ★★ म्हणजे कोरं तिकीट, मागचा गोंद मूळचा आणि धक्का न लागलेला. ★ म्हणजे कोरंच, पण कधीतरी अल्बममध्ये कागदी पट्टीने लावलेलं, त्यामुळे गोंदावर डाग. ⊙ म्हणजे वापरलेलं, शिक्का बसलेलं. मग दात्यांचे आकडे. दोन सेंटिमीटरमध्ये कडेचे किती दाते येतात, ते. अकरा दात्यांचं तिकीट वेगळं आणि तेराचं वेगळं, चित्र तेच. हे सगळं मला घरचंच वाटलं.

काही चिन्हं कंसात होती. ती मी सोडून दिली. ड्रॉइंगमध्ये कंसातलं माप फक्त माहितीसाठी असतं, तपासणीला धरत नाहीत. पहिल्या वर्षाच्या शिकाऊ पोरालाही हे माहीत असतं.

बायकोला, अनुसूयाला म्हटलं, "बघ, अक्का उगाच घाबरवत होत्या." ती भाजी निवडत होती. म्हणाली, "सावकाश वाच म्हणाल्या होत्या ना?"

१९ जुलै, शनिवार

दिवसभर तपासणी. नऊ वह्या, दोनशे चौदा तिकिटं. दोन ठिकाणी दात्यांचे आकडे चुकलेले सापडले, एका ठिकाणी फाटका कोपरा लपवलेला. तिन्ही नोंदवले. जुने चिटणीस एवढं खोलात जात असतील असं मला वाटत नाही.

सुमंतच्या वहीतलं कोचीनचं तिकीट सगळ्यात भारी. सुमंत मूळचा पुण्याचा, व्हाइटफील्डला कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्याने तिकिटाखाली दोन तारे काढले होते. आपल्याकडच्या हवेत इतक्या वर्षांचा गोंद टिकणं नवलच, म्हणून मी मुद्दाम उलटं करून पाहिलं. गोंद छान चमकत होता. माझ्या यादीत लिहिलं: गोंद आहे. टिक.

मग वॉटरमार्क. कागदात छत्रीची खूण असली तर एक नंबर, नसली तर दुसरा. ती बघायला एक खास द्रव मिळतो. काळ्या बशीत तिकीट पालथं ठेवून त्याचे थेंब टाकले की खूण उमटते. त्या बाटलीसाठी कुठे हिंडायचं? घरात कोविडच्या वेळचा सॅनिटायझर पडून होता. तोही उडून जाणाराच. दोन थेंब टाकले आणि छत्री अशी स्वच्छ उमटली की मी अनुसूयाला बोलावून दाखवली. सॅनिटायझर अंमळ चिकट असतो, तिकिटाच्या मागे तो चिकटपणा राहिला. तसाच वहीत ठेवला तर कागदाला धरून बसेल म्हणून ओल्या कापसाने पाठ नीट पुसून, वाळवून, परत जागेवर ठेवलं. मोजल्यावर वस्तू पुसून द्यायची ही कारखान्याची सवय. आता ते तिकीट आलं होतं त्यापेक्षा साफ आहे.

२१ जुलै, सोमवार

पाकीट मल्लाप्पाकडे रवाना. चिठ्ठीवर पहिली सही माझी: सर्व तपासले, बरोबर आहे.

२७ जुलै, रविवार

मल्लाप्पाचा फोन आला होता. "सर, सुमंतसरांच्या वहीतलं ते कोचीनचं तिकीट एकदा बगून घेता काय? मागनं."

"मी तपासलंय."

"तुमी तपासलायच की. म्हणूनच म्हणालोय. पाकीट पुढं द्यायच्या आधी स्वल्प तुमच्या घरला येऊन जातो. पाच मिनिटं."

त्याला ते तिकीट हवं आहे आणि खोट काढून भाव पाडायचा आहे, हे मला लगेच कळलं. मी म्हटलं, "हवं असेल तर घ्या, नको असेल तर पुढे पाठवा. एवढ्यासाठी आनेकलहून कशाला येता?"

 त्याने कानडीत "सरी, सर", म्हणजे ठीक आहे, म्हणून फोन ठेवला. अशा गोष्टी सुरुवातीलाच तोडलेल्या बऱ्या.

१० ऑगस्ट, रविवार

सभा. मल्लाप्पाने आपला अल्बम आणला होता. कोचीनची चार पानं, सगळं रेखीव, अक्षर मोत्यासारखं. मी सहज चाळला. त्यात सुमंतकडच्यासारखंच एक तिकीटही होतं, त्याच नंबरचं. मी चिमट्याने उचलून पाहिलं तर पाठ कोरडी, गोंदाचा पत्ता नाही. तो म्हणाला, "माझं असलंच हाय सर. गोंदाचं घ्यायचं म्हणालो तर आपल्याला झेपायचं न्हाई." हसला.

अक्का सभेत थोडाच वेळ बसल्या. डोळ्यात मोतीबिंदू वाढलाय, पुढच्या महिन्यात ऑपरेशन.

३० ऑगस्ट, शनिवार

पाकीट सहा घरं फिरून आज परत आलं. गणपतीच्या गडबडीतही कुणी उशीर केला नाही. वह्या ज्याच्या त्याला पोचत्या केल्या आणि दोन तासांत सुमंतचा फोन.

"काका, माझ्या कोचीनच्या स्टॅम्पचा गम गेलाय. म्हणजे पूर्ण गेलाय. बॅक एकदम प्लेन आहे. मी तर मिंट पाठवला होता."

मी थंड डोक्याने विचारलं, "खात्री आहे?"

"हंड्रेड परसेंट, काका."

माझीही शंभर टक्के होती. गोंद मी या डोळ्यांनी पाहिलेला, यादीत टिक केलेली. म्हणजे माझ्या घरून निघताना तिकीट चांगलं आणि परत येताना वाईट. अदलाबदल झाली. चाळीस वर्षांत न घडलेली गोष्ट माझ्या पहिल्याच पाकिटात.

संताप आला. पण तपासनिसाने संतापायचं नसतं, शोधायचं असतं.

२ सप्टेंबर, मंगळवार

शोध लागला. खरं तर वेळच लागला नाही.

सहा घरांपैकी चौघे कोचीन जमवतच नाहीत. पाचवे गृहस्थ फक्त पक्ष्यांची तिकिटं घेतात. उरला मल्लाप्पा. त्याच्याकडे तेच तिकीट आहे, बिनगोंदाचं. गोंदाचं झेपत नाही असं तो स्वतः माझ्यासमोर म्हणाला. पाकीट त्याच्या हातात असताना त्याने याच तिकिटाबद्दल फोन केला. आणि चिठ्ठीवर, सुमंतच्या वहीच्या ओळीत, या तिकिटाच्या नंबरापुढे त्याने पेन्सिलीने एक बारीक खूण केली आहे: (★). एवढ्या दोनशे चौदा तिकिटांत नेमकं तेच त्याच्या डोळ्यात भरलं होतं, याला आणखी पुरावा काय पाहिजे? खूण कंसात आहे, तेव्हा ती स्वतःच्या माहितीसाठी केलेली असणार.

१० ऑगस्टला मी अल्बम पाहिला तेव्हा बिनगोंदाचंच त्यात होतं हे खरं, पण चांगलं तिकीट कुणी सभेत मिरवायला आणत नाही.

अनुसूयाला सगळं समजावून सांगितलं. तिने विचारलं, "त्याला चोरायचंच होतं तर तुम्हाला फोन कशाला करील? आणि चिठ्ठीवर खूण कशाला करील?"

"ऑपरेटर लोक असेच असतात," मी म्हटलं. तिला कारखान्यातलं काय माहीत.

१४ सप्टेंबर, रविवार

झालं ते लिहितो.

अक्कांचं ऑपरेशन गुरुवारी झालं, त्या आतल्या खोलीत झोपून होत्या, सभा मी चालवली. हजर दहा. मी मुद्दे क्रमाने मांडले, आवाज न चढवता. शेवटी म्हटलं, "मल्लाप्पा, ते तिकीट परत करा, विषय इथेच संपेल."

तो उभा राहिला. चेहरा उतरला होता. म्हणाला, "सर, चिठ्ठी बगा."

"चिठ्ठी मी पाहिली आहे."

"नीट बगा, सर. मी लिवलोय तिच्यावर."

"सहीशिवाय तिच्यावर काही नाही. एक खूण आहे, ती कशासाठी केली ते तुम्हाला माहीत."

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं आता भांडेल.  पण त्याने पिशवी उचलली, चपला घातल्या आणि गेला.  सुमंत पुटपुटला, "काका, इतकं स्ट्रेट नको होतं." मी इतिवृत्तात लिहिलं: 'श्री. मल्लाप्पा यांनी फिरत्या पाकिटातील तिकिटाची अदलाबदल केल्याचे दिसून आल्याने त्यांचे सभासदत्व स्थगित.' सही केली.

काम कडू होतं, पण कुणीतरी करायलाच हवं होतं. जेवण मात्र गेलं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

अक्कांना भेटायला गेलो. डोळ्याला काळा चष्मा, वाचायची बंदी. त्यांच्या कानावर सगळं आलेलं. मला वाटलं होतं शाबासकी देतील.

"चिठ्ठी आणलीस काय? वाच बघू मला."

वाचली. मल्लाप्पाच्या ओळीवर आलो तेव्हा म्हणालो, "इथे नुसती एक खूण आहे. तारा, कंसात."

"अय्यो, पद्माकरा." अक्का उठूनच बसल्या. "कंसातला तारा म्हणजे कोरं तिकीट, पण गोंद नाही. कॅटलॉगात पहिल्या दोन चिन्हांच्या लगेच खाली आहे बघ ते. वाचलास काय तू ती पानं?"

कॅटलॉग त्यांच्याच कपाटात दुसराही होता. उघडला. होतं. दोन ताऱ्यांच्या खाली एक तारा, एका ताऱ्याच्या खाली कंसातला तारा, आणि पुढे सरळ शब्दांत: न वापरलेलं, गोंद नाही.

"पाकीट पहिल्यांदा कुणाकडे गेलं रे?"

"मल्लाप्पाकडे."

"आणि त्यानं पाकीट पुढं द्यायच्या आधीच लिहून ठेवलं, गोंद नाही म्हणून. चोरणारा माणूस असं लिहितो काय?"

मी म्हटलं, "मग सुमंतनेच तसं पाठवलं असणार."  काळ्या चष्म्यामागे अक्कांचे डोळे उघडे होते की मिटलेले ते दिसत नव्हतं.

घरी येऊन सुमंतला फोन लावला, जरा कडकच बोललो. त्याने मिनिटभरात फोटो पाठवला. पाकिटात घालायच्या आदल्या दिवशी त्याने तिकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवला होता. मागे गोंद चमकतोय. मीही तसाच पाहिला होता.

सुमंतकडे गोंद आहे. मल्लाप्पाकडे गोंद नाही. मधे फक्त मी.

पण मी काय केलंय? मी तर फक्त तपासलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

सकाळी पोस्टात जाऊन गोंदाची चार साधी तिकिटं आणली. काळी बशी घेतली, तीच. तिकीट पालथं ठेवलं. तोच सॅनिटायझर, दोन थेंब. पाठ चिकट झाली. कापूस ओला करून पुसली, वाळवली, उजेडात धरली.

गोंद गेला होता. कापसावर होता, पिवळसर.

दुसरं केलं. तिसरं केलं. चौथं करायची गरज नव्हती तरी केलं.

अनुसूया मागे येऊन उभी होती. तिने चारही तिकिटं पाहिली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला रडू आलं, हे लिहायला लाज वाटते, पण आलं. मी एका चांगल्या माणसाला दहा जणांसमोर चोर म्हटलं होतं आणि चोरी माझ्याच कापसावर होती.

२४ सप्टेंबर, बुधवार

हे अजून आम्हा दोघांनाच माहीत आहे. अक्का समजल्या असतील तरी त्या स्वतःहून बोलणार नाहीत.

दोन दिवस एक मार्ग डोक्यात घोळतोय, तो प्रामाणिकपणे लिहून टाकतो. पुढच्या सभेत सांगायचं की चिठ्ठी पुन्हा वाचली, मल्लाप्पाने वेळेवर नोंद केली होती, संशयाचा फायदा त्यांना देऊन सभासदत्व पूर्ववत. गोंद कसा गेला ते कळत नाही, हवेने गेला असेल. सगळे मान डोलावतील. मंडळ सुखात, मी सुखात.

अनुसूयाला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "असं केलंत तर लोक मनात म्हणतील, चोर होता, सांभाळून घेतला." खरं आहे. संशयाचा फायदा म्हणजे संशय शिल्लकच.

रविवारी आनेकलला जाईन आणि तोंडावर सांगेन. मी चुकलो असेन, पण पळणारा नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

बन्नेरघट्टा रोडने जिगणीमार्गे आनेकल. दोन बस, पावणेदोन तास. हा माणूस दर महिन्याला असा येतो, हे मी दहा महिन्यांत कधी मनात आणलं नव्हतं.

दोन खोल्यांचं घर. मल्लाप्पा रात्रपाळी करून आलेला, तरी उठून बसला. बायको रंजिता, कपड्यांच्या कारखान्यात कामाला. तिने पाण्याचा तांब्या ठेवला आणि आतल्या दारात उभी राहिली.

मी घोळ घातला नाही. सॅनिटायझर, कापूस, पोस्टातली चार तिकिटं, सगळं सांगितलं. म्हटलं, "चूक माझी. मला माफ करा."

मल्लाप्पा म्हणाला, "मला ठावं होतं, सर."

मला कळेना.

"तिकिटाला वास यालता. आमच्या कंपनीच्या गेटवर बाटली असतेय बगा, तोच वास. पाकीट उघडल्या उघडल्या कळलं. म्हणूनच फोन केलो. म्हणालो, घरला येऊन दोघांतच सांगावं. तुमी नको म्हणाला. मग चिठ्ठीवर लिवलो. म्हणालो, सर वाचणारा माणूस, वाचतील आणि समजून जातील."

"पण सभेत? सभेत का नाही सांगितलंत?"

"सगळ्यांच्या पुढं तुमाला कसं म्हणू? नवीन काम, एवढ्या हौसेनं धरलाय. चिठ्ठी बगा, चिठ्ठी बगा म्हणालो की दोनदा."

मला खाली बघायची वेळ आली. त्याने माझी लाज वाचवायला चार दारं उघडी ठेवली होती आणि चारही मीच लावली.

तो म्हणाला, "असू दे सर. झालं गेलं. पुढच्या सभेला येतो मी."

"येत न्हाईत हे," रंजिता दारातून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्या दिवशी घरला आले ते दोन दिवस जेवले न्हाईत. ह्यांनी तुमची लाज राखली. तुमी ह्यांची राखला काय?"

मल्लाप्पा "अगं" म्हणाला. ती थांबली नाही.

"चोर म्हणताना दहा माणसं बसली होती. माफी मागाला एकटं आलाय. सरी हाय काय हे?"

सरी नव्हतं. मी तिला म्हटलं, "नाही. तुमचं बरोबर आहे. १२ तारखेला सगळ्यांसमोर सांगेन. तुम्हीही या." ती तांब्या उचलून आत गेली. चहा झाला नाही, आणि मी त्याची अपेक्षाही धरली नव्हती.

परतीच्या बसमध्ये उभ्याने आलो. गुडघा दुखला, तरी मन जातानापेक्षा हलकं होतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

उद्याचं निवेदन लिहून ठेवलं. तीन वेळा लिहिलं, चौथ्यांदा जमलं. भाषा मोजकी, कुणालाही न दुखवणारी. कारखान्यात अहवाल लिहावेत तर पद्माकरने, असं म्हणायचे.

कंसातल्या सगळ्या चिन्हांची पानंही या पंधरवड्यात वाचून काढली. सावकाश.

१२ ऑक्टोबर, रविवार

अक्का पुन्हा अध्यक्षांच्या खुर्चीत. सगळे हजर. मल्लाप्पा आला आणि त्याच्याबरोबर रंजिता. ती दाराजवळच्या खुर्चीत बसली, पिशवी मांडीवर घेऊन. मल्लाप्पाही आज कोपऱ्यात न बसता तिच्याशेजारी बसला.

अक्कांनी मला पहिल्यांदा बोलायला सांगितलं. मी इतिवृत्ताची वही उघडून काल लिहिलेलं वाचलं: 'कॅटलॉगमधील एका चिन्हाबाबत झालेल्या गैरसमजामुळे श्री. मल्लाप्पा यांच्याविषयी जी शंका निर्माण झाली होती, ती निराधार असल्याचे निष्पन्न झाले असून त्यांचे सभासदत्व पूर्ववत करण्यात येत आहे. तिकिटाचा गोंद तपासणीच्या वेळी अनवधानाने गेला. झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगिरी.'

वाचताना मला ते चांगलं वाटलं. दोघातिघांनी मान डोलावली. मल्लाप्पा म्हणाला, "पुरं सर. बसा."

रंजिताने हात वर केला, शाळेतल्यासारखा. अक्का म्हणाल्या, "बोल, ताई."

"परत एकदा वाचा म्हणावं त्यांना."

मी परत वाचलं.

"ह्यांचं नाव ऐकू आलं," ती म्हणाली. "शंका कुणी काढली, त्याचं नाव कुठं हाय ह्यात?"

 मी वहीकडे पाहिलं. चार ओळी होत्या आणि खरोखरच मी त्यांत कुठेही नव्हतो. शंका आपोआप निर्माण झाली होती, गोंद आपोआप गेला होता. चार वेळा लिहून मी स्वतःला त्यातून अगदी सफाईने पुसून काढलं होतं आणि मला ते दिसलंही नव्हतं.

अक्कांनी टेबलावरचं पेन माझ्याकडे सरकवलं.

मी चारही ओळींवर रेघ मारली आणि खाली लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत गेलो, नाहीतर पुन्हा मोजकी भाषा सुचली असती. 'मी, पद्माकर, याने १४ सप्टेंबरच्या सभेत मल्लाप्पा यांना चोर ठरवले. तो आरोप खोटा होता. तिकिटाचा गोंद मी पुसला. मल्लाप्पा यांनी ते पहिल्याच दिवशी ओळखले, मला सांगायचा प्रयत्न केला, चिठ्ठीवर लिहिलेही. मला ते वाचता आले नाही आणि मी विचारलेही नाही. मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागतो.'

मग उभा राहून मल्लाप्पाकडे वळलो आणि तेच तोंडाने म्हणालो. तो उठून उभा राहिला, त्याला काय करावं कळेना, त्याने माझे दोन्ही हात धरले.  सुमंत खिडकीबाहेर बघत होता.

चिटणीसपद सोडतो म्हणून सांगितलं. मल्लाप्पाला द्या म्हटलं. तो म्हणाला, "मला पाळ्या असतात सर. तुमीच ठेवा. आता तुमच्याएवढं जपून कोण करणार न्हाई." अक्कांनी तेच ठरवलं, वर अशी अट घातली की माझ्या सहीनंतर पाकीट आधी मल्लाप्पाकडे जाईल आणि त्याची सही झाल्याशिवाय पुढे हलणार नाही. मला आनंदाने मान्य आहे. मी काम चांगलं करीन, याबद्दल मला आजही शंका नाही.

चहा आला. रंजिताने कप बाजूला ठेवला, पुढे येऊन टेबलावरची वही आपल्याकडे फिरवली आणि ओळींवर बोट ठेवत सगळं स्वतः वाचलं. 'खोटा होता' इथे बोट जरा थांबलं. मग शेवटपर्यंत गेलं.

"सही राहिली," ती म्हणाली.

मी सही केली. तिने वही मिटून मला परत दिली, आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "पुढच्या महिन्यात डबा करून देते. येताना उपाशी येऊ नका."